एजंटसोबतचा करार बनवून देणाऱ्या जळगावच्या वकील मॅडम: आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आमचा केळी वेफर्सचा छोटा कारखाना आहे फैजपूरजवळ, आणि आमचा माल सुरत, नवसारी, इंदूर इकडे कमिशन एजंटमार्फत जातो. जळगावला एका वकील मॅडमकडून आम्ही एजंटसोबतचा करार बनवून घेतला त्याचा हा रिव्ह्यू. जरा मोठा आहे पण पूर्ण वाचा, कारण सावदा, फैजपूर, यावल, रावेर या पट्ट्यात आता कितीतरी बायका आणि बचत गट वेफर्स, केळीची पावडर, पापड करतात आणि बहुतेकांचा माल बाहेरगावी दुसराच कोणीतरी विकतो, आणि त्या दुसऱ्याचं आपल्याशी कायद्याने नातं काय हे आपल्याला कोणी सांगतच नाही.

मॅडमचं नाव टाकत नाहीये. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे त्यांनी स्वतःच सांगितलं की ताई, अनुभव खुशाल लिहा पण नाव नको. कोर्टाच्या परिसरात कोणत्याही दोन-तीन वकिलांना विचारलं की दिवाणी आणि व्यापारी करारांचं काम कोण करतं ते कळतं, आम्हालाही तसंच कळलं.

जायचं कारण सुरतचा एजंट. श्रावणात आणि नवरात्रात उपवासामुळे वेफर्सला जोरात मागणी असते, त्या वेळी त्याने आमचा बराच माल एका नवीन दुकानाला उधारीवर दिला. आमचं त्याला स्पष्ट सांगणं होतं की उधारी नाही, पैसे आल्यावरच माल सोडायचा, हे व्हॉट्सअ‍ॅपवर पण होतं. पुढे ते दुकान बंद पडलं आणि हा म्हणतो की मी तर फक्त दलाल, बुडाले ते तुमचे. वरून त्याच हंगामात नवसारीच्या एका पार्टीला आम्ही ठरवलेल्या भावाच्या खाली माल दिला. माझे दीर एवढे तापले होते की ते थेट सुरतला जाऊन त्या नवसारीवाल्याकडून फरकाचे पैसे मागणार होते. सासरे म्हणाले, "कागदानं काय होते, मानूस पाहा लागते." सासऱ्यांचं म्हणणं मी मान देऊन ऐकलं, पण माणूस पाहूनच तर हा एजंट धरला होता ना, म्हणून मी म्हटलं आता कागद पण पाहू.

पहिल्याच भेटीत मॅडमनी करार वगैरे काही काढलाच नाही, सगळे मेसेज, बिलं, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या टेबलावर मांडायला लावल्या आणि म्हणाल्या, आधी तो एजंट आहे की डिस्ट्रिब्युटर ते ठरवू. दीर आणि मी एकमेकांकडे बघायला लागलो. पण हाच सगळ्यात कामाचा प्रश्न निघाला. डिस्ट्रिब्युटर आपला माल स्वतः विकत घेतो, माल त्याचा होतो, पुढे त्याने कितीला विकला, बुडाला की तरला, आपला संबंध त्याच्या बिलापुरता. एजंट मात्र आपल्या वतीने विकतो, विकला जाईपर्यंत माल आपलाच असतो आणि त्याने केलेला सौदा आपल्याला बांधतो. बोर्डावर काय लिहिलंय याला महत्त्व नाही, व्यवहार कसा चालतो ते बघतात. आमच्याकडचा माणूस "डिस्ट्रिब्युटर" छापलेलं कार्ड घेऊन फिरायचा पण न विकलेला माल परत पाठवायचा आणि टक्केवारीवर कमिशन घ्यायचा, म्हणजे झाला एजंट.

हा सगळा कायदा १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे, दहावं प्रकरण, कलम १८२ ते २३८. मॅडमनी पुस्तकच समोर ठेवलं आणि आमच्या भांडणाची पानं उघडून दाखवली, मला ते फार आवडलं. कलम २११ म्हणतं की एजंटने मालधन्याच्या (म्हणजे ज्याचा माल तो विकतो त्याच्या) सूचनेप्रमाणे वागायचं, सूचना नसेल तर त्या गावच्या त्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे, आणि तसं न वागल्याने नुकसान झालं तर ते त्याने भरून द्यायचं. त्याच्याखाली उदाहरण दिलंय ते वाचून दीर खुर्चीतून उठायचेच बाकी होते: ज्या धंद्यात उधारीचा रिवाज नाही तिथे दलालाने उधारीवर माल विकला, घेणाऱ्याची पत त्या वेळी एकदम चांगली होती, तरी तो पैसे देण्याआधी दिवाळखोर झाला, तर नुकसान दलालाने भरायचं. आमच्या बाबतीत तर रिवाजापर्यंत जायचीही गरज नव्हती, लेखी सूचनाच होती.

पण नवसारीच्या बाबतीत त्यांनी तोंडावर सांगितलं की तिथे तुमचं काही चालणार नाही. कलम २३७. एजंटला आपण आतून काय सांगितलंय हे बाहेरच्या गिऱ्हाइकाला माहीत नसेल, आणि आपल्या वागण्यावरून त्याला वाटत असेल की या माणसाला विकायचा अधिकार आहे, तर एजंटने केलेला सौदा आपल्याला पाळावाच लागतो. कायद्यातलं उदाहरण पण तसंच आहे, विकायला माल पाठवला आणि अमुक भावाखाली देऊ नको सांगितलं, गिऱ्हाइकाला ते माहीत नव्हतं, त्याने कमी भावात सौदा केला, मालधनी बांधला गेला. म्हणजे फरक मागायचा तर एजंटकडे मागा, नवसारीवाल्याने काही वावगं केलेलं नाही. दिरांचं सुरत-नवसारी तिथेच थांबलं, आणि मला वाटतं एका चांगल्या गिऱ्हाइकाशी होणारं भांडण वाचलं हाच या फीचा अर्धा मोबदला.

आणि खरी गोष्ट मला इथेच कळली जी मी आता सगळ्यांना सांगत फिरते. आपण समजतो की करार केला, त्यात सगळं लिहिलं, झालं. पण तो करार आपल्या आणि एजंटच्या मध्ये असतो, बाजाराला तो दिसत नाही. बाजाराला दिसतं ते त्याच्याकडचं आपलं बिलबुक, त्याच्या टेम्पोवरचं आपलं नाव, त्याच्या एका फोनवर आपण पाठवलेला माल. म्हणून मॅडमनी कराराच्या जोडीला एक पानाचं पत्रक करून दिलं जे आम्ही त्या भागातल्या सगळ्या दुकानदारांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि आता प्रत्येक बिलाच्या मागेही छापतो: एजंटला भाव कमी करायचा अधिकार नाही, उधारी द्यायचा अधिकार नाही, पैसे फक्त कंपनीच्या खात्यावर भरावेत. इतर ठिकाणी आम्ही चौकशी केली तेव्हा कोणीही या पत्रकाचा विषय काढला नव्हता, सगळे स्टॅम्प पेपर आणि करार एवढंच बोलत होते.

पैसे कोणाच्या हातात द्यायचे यावरून त्यांनी सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा एलआयसीचा एक निकाल सांगितला. पॉलिसीधारकाने हप्त्याचा बेअरर चेक एजंटला दिला, एजंटने तो वटवून पैसे स्वतःकडेच ठेवले, मधे त्या माणसाचा अपघातात मृत्यू झाला आणि एजंटने दुसऱ्या दिवशी पैसे भरले. कोर्ट म्हणालं, एजंटला हप्ता गोळा करायचा अधिकार नियमानेच नव्हता, म्हणून एजंटला दिले म्हणजे एलआयसीला दिले असं होत नाही. वाईट वाटतं ऐकून, घरच्यांचा काय दोष. आपल्या गावात किती घरांतून एजंट भाऊच्या हातात बिनधास्त पैसे दिले जातात विचार करा. निदान पावती कंपनीची आहे का, खात्यावर कधी जमा झाले, एवढं तरी बघत जा.

आता करारात काय काय घातलं ते सांगते, सगळं नाही, जे महत्त्वाचं वाटलं ते.

हिशोब. मागितला की द्यायचा हे कायद्यातच आहे, कलम २१३, पण मागायचा कधी यावर रोज भांडण नको म्हणून दर महिन्याची ठराविक तारीख घातली. एजंटला कमिशन आणि त्याने योग्य तो केलेला खर्च कापून घेऊन बाकीचे द्यायचा हक्क आहे, तो त्याला ठेवला. त्याचा आणखी एक हक्क आहे जो मला अजिबात माहीत नव्हता, कमिशन थकलं तर तो आपला माल अडवून ठेवू शकतो, कलम २२१, पण करारात वेगळं ठरवता येतं. आमचा माल दिवसांत मऊ पडतो, अडवला तर फेकायचाच, म्हणून तो हक्क करारात काढून टाकायला मॅडमनी स्वतःहून सुचवलं आणि बदल्यात कमिशन उशिरा दिलं तर व्याज असं घातलं. एजंटवर पण अन्याय नको हा त्यांचा सूर पूर्ण वेळ होता, म्हणजे त्याने सांगितल्याप्रमाणे कायदेशीर काम करताना त्याच्यावर काही आलं तर ते आपण निस्तरायचं, हेही कायद्यात आहेच आणि करारातही आलं.

उधारीला कायमचं बंद करणं धंद्यात शक्य नसतं, त्यासाठी दोन दर ठेवले. साधं कमिशन असेल तर उधारी नाही. आणि एजंटला उधारी द्यायचीच असेल तर कमिशन थोडं जास्त, पण गिऱ्हाईक बुडालं तर पैसे एजंटने द्यायचे. याला डेल क्रेडेरे एजंट म्हणतात. इंदूरच्या एजंटने लगेच जास्तीचं कमिशन घेतलं, त्याला त्याची गिऱ्हाइकं माहिती आहेत.

पुतण्याचा प्रश्न होता. सुरतला वसुलीला बऱ्याचदा एजंटचा पुतण्या जायचा. ज्या कामासाठी आपण एजंटवर विश्वास टाकला ते त्याने परस्पर दुसऱ्यावर सोपवायचं नाही असा नियम आहे, धंद्याचा तसा रिवाज असेल किंवा कामाचं स्वरूपच तसं असेल तरच चालतं. अधिकार नसताना सोपवलं तर त्या दुसऱ्याच्या उद्योगाला एजंट जबाबदार. आता नाव लिहून दिल्याशिवाय दुसरा माणूस चालत नाही.

विम्यावर त्या खूप वेळ बोलल्या, मला आधी वाटलं विषय सोडून चाललंय. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला तो मोठा स्फोट झाला होता ना, त्यात एका पार्टीचा माल गेला जो त्यांच्या कमिशन एजंटने घेऊन गोदामात ठेवला होता. एजंटने मालाचा विमा काढायचं कबूल केलं होतं, विम्याचे पैसे पण पार्टीला लावले होते, आणि विमा काढलाच नव्हता. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, डिसेंबर १९५० चा निकाल आहे, पन्नालाल जानकीदास विरुद्ध मोहनलाल, आणि एजंटला भरपाईला जबाबदार धरलं. म्हणून आमच्या करारात नुसतं "विमा काढावा" एवढंच वाक्य नाही, विम्याच्या पॉलिसीचा फोटो माल पोचल्यावर पाठवायचा असं आहे.

संपवायचं कसं हा भाग कापूसवाल्यांनी आणि केळीवाल्यांनी नक्की वाचावा. एजंटचा अधिकार आपण काढून घेऊ शकतो, मुदतीचा करार असेल आणि विनाकारण आधी मोडला तर भरपाई, आणि वाजवी नोटीस द्यायची. पण जर एजंटने आपल्याला आधीच उचल दिली असेल आणि तीच वसूल करायला आपण त्याच्याकडे माल टाकला असेल तर तो अधिकार आपल्याला मागे घेता येत नाही, अगदी मालधनी वारला तरी तो संपत नाही. कलम २०२. त्याचं उदाहरण चक्क कापसाच्या १,००० गाठींचं आहे. आपल्याकडे अडत्याकडून उचल घेऊन बियाणं-खत करणारे किती आहेत, त्यांना हे माहीत असायला पाहिजे की उचल घेतली की मोकळेपण कमी होतं, भाव पडला म्हणून माल दुसरीकडे न्यायचा हट्ट तिथे कायद्यात बसेलच असं नाही. आणि दुसरं, अधिकार काढला हे जोवर गिऱ्हाइकांना कळत नाही तोवर त्यांच्यापुरता तो चालूच असतो. सुरतच्या एजंटला नोटीस पाठवली त्याच दिवशी मॅडमनी तिथल्या सगळ्या दुकानांना कळवायला लावलं.

त्या नोटिशीचं पण सांगते. मॅडमनी एक गोष्ट निक्षून सांगितली की मधल्या काळात एजंटने त्या सौद्यातले काही पैसे टाकले तर "ठीक आहे" म्हणून मोकळं होऊ नका, आधी लेखी कळवा की हे आम्ही फक्त येणे रकमेतले धरतोय. कारण परवानगीशिवाय केलेल्या कामाला मागाहून मान्यता देता येते आणि ती बोलूनच द्यावी लागते असं नाही, वागण्यातूनही होते, आणि एका भागाला मान्यता दिली की अख्ख्या व्यवहाराला दिली असं धरतात. नोटिशीनंतर एजंटने बऱ्यापैकी रक्कम हप्त्यांनी द्यायचं लिहून दिलं. दावा लागलाच तर मुदत साधारण ३ वर्षं, हिशोब मागून त्याने नाकारल्यापासून किंवा मागितलाच नसेल तर एजन्सी संपल्यापासून, आणि निष्काळजीपणाचं असेल तर आपल्याला कळल्यापासून. चॅट असलेला फोन विकू नका, बदलू नका असंही सांगितलं, १ जुलै २०२४ पासून जो नवीन साक्ष्य अधिनियम आलाय त्यात कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं.

सोबत माझी नणंद आली होती, तिने मधेच प्लॉटचं विचारून घेतलं, विकणारा म्हणतोय खरेदीखत नंतर करू, आता कुलमुखत्यारपत्र घ्या आणि पैसे द्या. मॅडमनी त्याचे वेगळे पैसे न घेता सांगितलं की मुखत्यारपत्र म्हणजे सुद्धा एजन्सीच, त्याने मालकी येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लँपच्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय, नोंदणी केलेलं खरेदीखतच पाहिजे. नणंदेने तो व्यवहार थांबवला.

आता जे आवडलं नाही ते. पहिला मसुदा पूर्ण इंग्रजीत आला. आम्ही सांगितल्यावर मराठी करून दिला पण त्याला वेगळे पैसे लागले आणि बरेच दिवस गेले, हे चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे कारण सही करणाऱ्याला वाचता येत नसेल तर त्या कराराचा रोजच्या धंद्यात उपयोग काय. सुरतच्या बाजूला गुजराती किंवा हिंदी प्रत लागते ती तर आम्हालाच करून घ्यावी लागली. दुसरं, फोन उचलत नाहीत, कोर्टाच्या वेळेत समजू शकते, पण संध्याकाळी तरी एक मेसेज टाकावा. दिलेली वेळ पाळली जात नाही, यावल-रावेरहून येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो.

तिसरं, जीएसटीचं त्या बघत नाहीत, सीएकडे पाठवतात. आमच्या सीए सरांनी मग सांगितलं की एजंट गिऱ्हाइकाला स्वतःच्या नावाने बिल फाडत असेल तर आपण त्याला नुसता माल पाठवला तरी तो पुरवठा धरला जातो, विक्री व्हायची वाट बघत नाहीत, आणि अशा एजंटला उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. बिल आपल्या नावाने जात असेल तर तसं नाही. सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलेलं आहे. आता बिल कोणाच्या नावाने हे तर करारातच लिहावं लागतं, म्हणजे मॅडम आणि सीए एकदा एका टेबलावर बसले असते तर आम्हाला करार परत बदलावा लागला नसता. एक स्टार त्याचाच कापलाय.

फी दहा हजाराच्या आत बसली, करार, पत्रक आणि नोटीस धरून, मराठी प्रतीचे वेगळे. आमच्या एका हंगामात जेवढं अडकलं होतं त्यापुढे ही रक्कम मला जास्त वाटली नाही. एखादी ताई घरून चार किलो पापड विकत असेल तिला मात्र परवडणार नाही, तिने बचत गटातून चार-पाच जणींनी मिळून एकच करार करून घ्यावा, मॅडम त्याला तयार आहेत, मी विचारलंय.

हो, घरातला माणूस फुकट माल विकत असेल तरी तो एजंटच असतो बरं का, मोबदला लागत नाही असं कलम १८५ म्हणतं. आणि भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार धंद्याच्या कामात फर्मचा एजंटच, माझे दीर आणि मी पण. त्यामुळे आता कोणी किती रकमेपर्यंत एकट्याने सौदा करायचा हे आम्ही दोघांनीही लिहून ठेवलंय, सासऱ्यांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली.

जाणार असाल तर शनिवारी दुपारी जा, गर्दी कमी असते. न्यायच्या गोष्टी: एजंटसोबतचे सगळे मेसेज प्रिंट करून, मागच्या हंगामाची बिलं आणि बिल्ट्या, बँकेचं स्टेटमेंट, एजंटचा जीएसटी नंबर असेल तर तो, आणि आपल्याला कोणत्या गोष्टी एजंटला करू द्यायच्या नाहीत त्याची घरून केलेली यादी. यादी केली नसेल तर पहिली भेट ती करण्यातच जाते, आणि भेटीचे पैसे लागतात.